एल्फांची पंगत, कोकणातलं घर: तीन दिवसांच्या ताटांचा हिशोब

साळावचा पूल उतरून मुरूडच्या रस्त्याला लागलं की घरगुती राहण्या-जेवणाच्या पाट्यांची रांग सुरू होते. ‘शुद्ध शाकाहारी’, ‘घरगुती मासळी’, ‘एसी रूम’. त्या रांगेत एका वाडीला पाटीच नाही. शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ तिथं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं टेबल लागतं. १९७४ पासून चालत आलेला हा भूमिका वठवण्याचा खेळ खेळायला जास्तीत जास्त सहा जण आणि त्यांचा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) अशी मंडळी येतात. ज्यानं आपलं पात्र एल्फ (युरोपीय लोककथांतला माणसासारखा जीव) घेतलं असेल, त्याचं ताट त्या एल्फाच्या कुळाप्रमाणे येतं. कुळं चार: हाय एल्फ, वुड एल्फ (जंगलातले), सी एल्फ (समुद्रातले) आणि ड्राउ (पाताळातले). माणशी ३,२०० रुपये, त्यात दोन रात्री आणि सगळी जेवणं आली. खोल्या साध्या, मच्छरदाण्या आहेत, पंखे चालतात. खोल्यांबद्दल एवढं पुरे. इथं यायचं ते ताटासाठी.

अशा ‘थीम’ जेवणात सहसा काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पालकाची प्युरी घालून भात हिरवा करायचा, वर गोकर्णाची दोन फुलं ठेवायची आणि त्याला ‘एल्व्हन’ म्हणायचं. या स्वयंपाकघरानं तसं केलेलं नाही. इथं प्रत्येक कुळाला एक बंधन दिलंय आणि तीन दिवसांत ते बंधन कसं सैल होतं हे ताटातून दाखवलंय. पहिला दिवस कोकणच्या किनाऱ्यावर नुकत्या उतरलेल्या एल्फांचा. दुसरा दिवस थोडं रुळल्यावरचा. तिसरा दिवस घरचे झाल्यावरचा. जिथं हे बंधन काटेकोर पाळलंय तिथं जेवण उत्तम आहे. जिथं नुसती सजावट केलीय तिथं फसलंय, आणि फसलंय ते जोरात.

ही कल्पना कोकणात नवी नाही, हे आधी सांगायला हवं. याच जिल्ह्यातल्या बेने इस्रायली घरांत मांस आणि दूध एकत्र येत नाही, म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध लागतं. खवले आणि पर नसलेला जलचर चालत नाही, म्हणून कोळंबी-चिंबोरी वर्ज्य आणि पापलेट-सुरमई चालते. गावात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली गेलेली ही मंडळी भाषा मराठी बोलली, साडी नेसली, मलिद्याला पोहे-खोबरं वापरू लागली, पण बंधन सोडलं नाही. जिन्नस किनाऱ्याचा घेतला आणि नियम आपला ठेवला. परक्या मुलखात रुजलेल्या स्वयंपाकाचं गणित हेच असतं, आणि या घराच्या चांगल्या ताटांमध्ये ते नेमकं उतरलंय.

सर्वांत विचारपूर्वक केलेलं ताट सी एल्फचं. बंधन सरळ आहे: समुद्राखाली चूल पेटत नाही. म्हणजे शिजवणं नाही, भाजणं नाही, तळणं तर नाहीच. उरतं ते मीठ, आंबट आणि चायना ग्रास. पहिल्या दिवशी शहाळ्याच्या पाण्याची, कोवळी मलई घातलेली जेली येते. मीठ चोळलेली काकडी, बिंबळांचा ठेचा आणि सुक्या जवळ्याची चटणी सोबत असते. जवळा मागच्या दारी कोरडा भाजून घेतलेला असतो, म्हणजे नियमाला बगल दिलेली आहे. ती दिलीच पाहिजे. वाळवणातला जवळा तसाच खायचा नसतो. त्यात रेती असते आणि वाळत असताना त्यावर काय काय बसलं याचा भरवसा नाही. आधी चाळायचा, मग मंद आचेवर तीन-चार मिनिटं, हातात चुरला जाईपर्यंत भाजायचा. कच्ची कालवं मागणाऱ्यांना इथं स्पष्ट नकार मिळतो, आणि तो योग्यच आहे. कालव पाणी गाळून खातो, म्हणजे खाडीत जे सोडलं जातं तेही त्याच्या पोटात जातं. लिंबू पिळल्यानं मांस पांढरं पडतं. जंतू आणि कृमी त्यानं मरतीलच असं नाही.

जेलीचं काम बारकाईचं आहे आणि बहुतेक घरी ते बिघडतं. एक लिटर शहाळ्याच्या पाण्याला १० ग्रॅम चायना ग्रासच्या काड्या. अर्धा तास भिजवायच्या, वेगळ्या कपभर पाण्यात उकळी आणून पूर्ण विरघळवायच्या. एकही धागा दिसता कामा नये. मग शहाळ्याचं पाणी कोमट करून त्यात मिसळायचं. थंडगार पाण्यात ओतलं तर लगेच गुठळ्या होतात. कोकमाचा आगळ घालायचा असेल तर आच बंद केल्यावरच; आंबटासोबत उकळत ठेवलं की चायना ग्रासची पकड तुटते आणि रात्रभर ठेवूनही जेली धरत नाही. एकदा धरली की मात्र किनाऱ्याच्या दुपारीही पाझरत नाही, कारण ती पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. चायना ग्रास समुद्री शेवाळातूनच निघतं, त्यामुळे सी एल्फच्या ताटात यापेक्षा अस्सल जिन्नस दुसरा नाही. स्वयंपाकघरानं हे बोलून दाखवलेलं नाही, पण ठरवून केलंय हे कळतं.

दुसऱ्या दिवशी ऊन येतं. पाण्याबाहेर आलेल्या माणसाला आग दिसायच्या आधी ऊन भेटणार, हा तर्क झकास आहे. ताटात सुके बोंबील, सोडे आणि खारवलेली मासळी. खारवलेला तुकडा निदान तासभर भिजवून पाणी दोनदा बदललेलं असतं. एका सुरमईच्या तुकड्याला मात्र एकदाच बदललं असावं, तो खाववत नव्हता. तिसऱ्या दिवशी चूल पेटते आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं येतं. इथं स्वयंपाकघराचा हात दिसतो. शिंपल्या समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात, म्हणजे लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ घालून, दोन-तीन तास ठेवलेल्या. गोड्या पाण्यात ठेवल्या तर त्या तोंड मिटून बसतात किंवा मरतात, वाळू आतच राहते आणि पहिल्याच घासाला दाताखाली करकरते. शिजवण्याआधी टोकरूनही तोंड न मिटणारी शिंपली टाकायची, शिजल्यावर न उघडलेलीही टाकायची. ताटातल्या एकाही शिंपलीत वाळू नव्हती. ओलं खोबरं बेताचं, मसाला आगरी वळणाचा.

एक इशारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा सी एल्फ घेतलात तर तिन्ही दिवस सुक्या मासळीवरच काढावे लागतात आणि आग सापडण्याची सगळी गंमत जाते.

हाय एल्फच्या ताटामागची कल्पना चारही ताटांत सर्वांत हुशार आहे, आणि अंमलबजावणी सर्वांत निष्काळजी. खेळाच्या २०१४ च्या नियमावलीप्रमाणे एल्फ शंभरीच्या आसपास जाणता समजला जातो आणि साडेसातशे वर्षांपर्यंत जगतो. माणसांत घर सोडलेली पिढी जाते, नातवंडांना जुनी चव ऐकून माहीत असते. एल्फांच्या घरात गलबतातून उतरलेली आजी पाचशे वर्षांनंतरही पंगतीला बसलेली असते आणि ‘हे असं नसायचं’ म्हणते. त्यामुळे एल्फांचा स्वयंपाक हळू बदलणार. आता हे चौलच्या बंदराला लावून पाहा. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथं उतरला, तेव्हा कोकणात मिरची नव्हती. ती पोर्तुगीजांच्या वाटेनं त्यानंतर आली. त्या काळी उतरलेल्या हाय एल्फ आजीच्या लेखी मिरची म्हणजे कालचं फॅड. म्हणून या ताटाचं बंधन आहे: मिरचीआधीचं जेवण.

वालाचं बिरडं मिरी आणि पिंपळीवर केलेलं. पाव किलो सोललेल्या बिरड्याला १० ते १२ मिरी आणि एक लहान पिंपळी. पिंपळी आलं-खोबऱ्याच्या वाटणात जाते, मिरी मात्र भरड कुटून अगदी शेवटी, झाकण ठेवायच्या आधी. आधी घातली तर तिखटपणा राहतो पण वास उडून जातो, आणि या ताटाला मिरचीचा आधार नसल्यानं वासावरच सगळी भिस्त आहे. तिखट जिभेच्या टोकाला न लागता घशाशी मागाहून येतं. सोबत आमसुलाचं सार, मऊ भात, तूप. या ताटाची पहिली वाटी साठ-सत्तर किलोमीटरवरून उठून जेवायला यावं अशी होती.

आणि मग त्याच बिरड्यात काजू. शेजारी लाल भोपळ्याचं भरीत. रविवारी सकाळी नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घालून. काजू ब्राझीलचा, भोपळा अमेरिका खंडातला, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका तिकडचाच आणि शेंगदाणाही तिथलाच. मिरचीला दार बंद करून तिच्याच गलबतातले चार पाहुणे खिडकीतून आत घेतले. बंधन ठेवायचं तर यादी पूर्ण करायला हवी: टोमॅटो, बटाटा, मका, पेरू, पपई, अननस हेही बाद. त्यानं काही अडत नाही. भोपळ्याऐवजी कोहळा किंवा वांगं, काजूऐवजी चारोळी किंवा फणसाच्या आठळ्या, खिचडीऐवजी वरीचे तांदूळ. सगळं याच तालुक्यात मिळतं.

याच ताटात पानगी येते आणि ती अप्रतिम आहे. वाटीभर तांदळाच्या पिठीला पाऊण वाटी नारळाचं दूध, दोन चमचे गूळ, चिमूट मीठ, चमचाभर तूप. केळीचं पान आधी आचेवर फिरवून मऊ केलेलं, नाहीतर दुमडताना फाटतं आणि पीठ तव्यावर येतं. अर्ध्या सेंटिमीटरचा थर, वरून दुसरं पान, दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं मध्यम आच. पान सहज सुटलं की झाली. चिकटलं तर अजून कच्ची आहे, ओढू नये.

गडबड पुढं आहे. हीच पानगी रविवारी ‘एल्फांची प्रवासी रोटी’ म्हणून बांधून देतात. पानात गुंडाळलेली, आठवडेच्या आठवडे टिकणारी रोटी हा एल्फकथांमधला ठरलेला जिन्नस, त्यामुळे मोह कळतो. पण नारळाच्या दुधाची ओली पानगी किनाऱ्याच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबते, पनवेल यायच्या आत चिकट होते. टिकाऊ हवी तर ओल काढायला लागेल: २०० ग्रॅम खमंग भाजलेलं नाचणीचं पीठ, १२० ग्रॅम गूळ, ६० ते ७० ग्रॅम तूप, ४० ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं. ओलं खोबरं अजिबात नको. गुळाचा पाक करायचा नाही, तुपात नुसता विरघळवून पीठ ओढायचं, थापून वड्या पाडायच्या आणि मंद भट्टीत कोरड्या करायच्या. गुंडाळायला ताजं केळीचं पान नको, त्याचाच ओलावा बुरशी आणतो. पळसाचं वाळलेलं पान चालेल.

वुड एल्फचं बंधन: नांगर लागलेल्या जमिनीतलं काही नाही. कोकणात भाताशिवाय ताट म्हणजे अर्धा उपासच. पहिल्या दिवशी कणगं, करांदे, रानातला मध आणि गावठी कोंबडी. मृग-डुकराची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बाद, तेव्हा कोंबडीवर भागवणं समजूतदारपणाचं. ‘एल्फ असून कोंबडी कशी?’ असं विचारणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की आइसलँडच्या जुन्या गाथांमध्ये एल्फांच्या टेकडीवर बैलाचं रक्त शिंपडून मांसाची मेजवानी ठेवतात. एल्फ शाकाहारी ही समजूत फार अलीकडची. करांद्यांचा कडवटपणा पुरता गेला नव्हता. चकत्या करून पहिलं पाणी फेकायचं, दुसऱ्यात उकडायच्या, चाखायच्या, गरज पडली तर तिसरं पाणी. इथं दुसऱ्यावरच थांबले होते.

तिसऱ्या दिवशी पोपटी, आणि वुड एल्फचा शेतीशी समेट तिथं होतो. वाल भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो, पाटाचं पाणी मागत नाही. शेतातलं पहिलं पीक म्हणून जंगलातल्या माणसाला तोच पटेल, हे बरोबर हेरलंय. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, मग जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये पाल्यात गुंडाळलेली कोंबडी आणि अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंड पाल्यानं घट्ट ठासून मडकं उलटं. पाणी नाही, तेल नाही. भोवती गवत-काटक्यांचा जाळ अर्धा-पाऊण तास. झाली का ते मडक्यावर पाणी शिंपडून पाहतात: चर्र होऊन लगेच उडालं आणि पाल्याचा वास सुटला की जाळ काढायचा. पाला सैल ठासला तर वाफ निसटते, खालच्या शेंगा करपतात आणि वरच्या कच्च्या राहतात. इथली पोपटी नेमकी उतरली. भांबुर्डा आणि वाल दोन्ही थंडीतले, त्यामुळे हे ताट डिसेंबर ते फेब्रुवारीतच घ्यावं.

राहिले ड्राउ, आणि इथं स्वयंपाकघर सपशेल चुकलंय. पाताळात राहणारं कुळ म्हणून सगळं काळं: काळ्या वाटणाची अळंबी, काळे तीळ लावलेली भाकरी, काळं पडेपर्यंत भाजलेलं खोबरं. खेळाचे नियम जरा उघडून पाहिले असते तर कळलं असतं की अंधारात पाहू शकणाऱ्याला तिथं रंग दिसत नाहीत, नुसत्या करड्या छटा दिसतात. अशा लोकांच्या स्वयंपाकात रंगाला किंमत शून्य. किंमत असेल ती वासाला, कुरकुरीतपणाला, गरम-गारच्या फरकाला. तिन्ही दिवस ड्राउंची ताटं एकाच मऊपणाची होती. जळक्या खोबऱ्याचा कडवटपणा ही तर फक्त जळक्या खोबऱ्याची चव.

अळंबी धिंगरीची, भाताच्या पेंढ्यावर वाडीतच वाढवलेली, ताजी आणि गोड. पेंढा गरम पाण्यातून काढून पिशवीत भरतात, बियाणं पसरायला पंधरा-वीस दिवस अंधार लागतो. पण छत्री धरायला उजेड आणि खेळती हवा लागते; अंधारातच ठेवली तर देठ लांबतात आणि वर टोपी नखाएवढी राहते. ‘पूर्ण अंधारात वाढवलेली’ असं ताट वाढताना सांगतात, ते सांगू नये. उलट इथं एक चांगली गोष्ट हुकली: ड्राउ वर येऊन अळंबी पिकवायला लागले तर पहिल्यांदा त्यांना मोठ्या टोपीची अळंबी दिसेल. तिसऱ्या दिवसाचं ताट तेच असायला हवं होतं.

सर्वांत मोठा घोळ चिंबोरीचा. ‘कोळी किड्यासारखी दिसते’ म्हणून ड्राउच्या ताटात मसाल्याची चिंबोरी ठेवलीय. ड्राउंची देवी कोळ्याच्या रूपातली. तिच्यासारखं दिसणारं काही फोडून, नांग्या चोखून खाणं म्हणजे देवाच्या मूर्तीचा खलबत्ता करणं. ड्राउसाठी चिंबोरी हाच एकमेव निषिद्ध जीव असायला हवा. ती सी एल्फच्या ताटात हलवा, तिथं ती शोभेल. चवीला मात्र तोड नाही, लाख (गाभोळी) भरलेली होती आणि मसाला आतपर्यंत मुरलेला. शिवाय ड्राउंना दुपारी बाराला अंगणात उन्हात वाढतात. २०१४ च्या नियमांत उन्हात त्यांना नीट दिसत नाही, नेमसुद्धा चुकतो. माजघरात पान मांडलं असतं तरी अर्धं काम झालं असतं, पैसाही लागला नसता.

एक गोष्ट मात्र कुणाला सुचली त्याला दाद द्यायला हवी. एल्फ झोपत नाहीत, चार तास ध्यानासारखं बसले की त्यांचं भागतं. म्हणजे जागेपणी वीस तास, आणि तीन जेवणांत वीस तास निघत नाहीत. म्हणून इथं पहाटे चारला चौथं जेवण आहे: उकड्या तांदळाची पेज. एका वाटीला नऊ-दहा वाट्या पाणी, मंद आचेवर तांदूळ फुटेपर्यंत, वर मीठ आणि तुपाचा थेंब. चारही कुळांना एकच भांडं, फक्त तोंडीलावणं वेगळं: हाय एल्फला मेतकूट, सी एल्फला भाजलेला बोंबील, वुड एल्फला मधात मुरवलेला आवळा, ड्राउला लोणचं. (मेतकुटात मिरची आहे. आजीला सांगू नका.) शनिवारी रात्री उशिरापर्यंत लढाई चाललेल्या टेबलाला ही पेज मिळाली की डीएमसुद्धा पाच मिनिटं थांबतो.

जायचं असेल तर निदान दहा दिवस आधी कळवावं आणि कुळं तेव्हाच सांगावीत, कारण वाल सोलायला आणि मासळी खारवायला वेळ लागतो. आयत्या वेळी कुळ बदललंत तर वरण-भात मिळेल. शिंपल्या-कोळंबीची ॲलर्जी असेल तर ते वेगळं, ठासून सांगा: जवळ्याची चटणी आणि काकडीची कोशिंबीर एकाच डावानं वाढतात. ड्राउ घेणाऱ्यांनी चिंबोरीऐवजी पोपटीतला वाटा मागून घ्यावा. मागितला की देतात, जादा पैसे लावत नाहीत.